गेनबा वस्तादांचा जोडीदार

गेनबा वस्तादांना फटका बसला की मारणाऱ्याच्या आधी तेच सांगत, "लागला." आवाज चढवत नसत. दारात आलेल्या माणसाला 'या' म्हणावं तसं म्हणत, दोन पावलं मागं सरकत आणि पुन्हा उभे राहत. त्या काळी जुन्नरात आळीआळीला तालमी होत्या आणि कुस्तीच्या निकालावरून वर्षवर्षभर अबोले चालत. पण वस्तादांच्या तालमीत फरी-गदग्याला पंच नसे. डाव्या हातात फरी, म्हणजे लहानशी ढाल, उजव्या हातात तलवारीएवढी काठी, तो गदगा, आणि अंगात कापूस भरून शिवलेली जाड बंडी. ज्याला लागला त्यानंच सांगायचं, असा तिथला रिवाज होता. "मारनाऱ्याला कळत न्हाई, शेठ. खानाऱ्याला कळतं," असं ते म्हणत. नवशिक्याला तर खरंच कळत नसे. काठीला गादी, समोर कापसाची बंडी. फटका अंगावर बसला की वाऱ्यावर गेला याचा हाताला काही पत्ता लागत नसे.

आता कापडदुकानदार मारवाडी तालमीत कसा शिरला ते सांगायला हवं. माझे आजोबा मारवाडातून इथं आले. उंटावरून आले की पायी, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. मी मात्र जन्मलो जुन्नरात, दुकानामागच्या खोलीत. तिशीला टेकलो तेव्हा बाळंतपणात माझी बायको गेली, पाठोपाठ मूलही गेलं. थोरले भाऊ, वहिनी, त्यांची पोरं, घर तसं भरलेलं होतं. पण आम्हा जैनांत दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायचं. जेवण उरकलं की पुढचा सगळा वेळ मोकळा, आणि त्या वेळात घरातल्या प्रत्येकाला कुणीतरी होतं. वहिनी स्थळं सुचवायच्या, मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. मग वहाणा पायात अडकवून बाहेर पडायचो आणि नदीपर्यंत जाऊन परत यायचो, कारण दुसरीकडं कुठं जायचं ते मला ठाऊक नव्हतं.

अशाच एका संध्याकाळी तालमीच्या दारावरून जाताना आत कुणी खेळतंय असा आवाज आला. पैलवान मंडळी पहाटे येत, संध्याकाळी तिथं चिटपाखरू नसे, म्हणून डोकावलो. साठीच्या आसपासचा, उंच, हडकुळा माणूस मातीत एकटाच खेळत होता. फरी पुढं करून कुणाचा तरी वार झेलत होता, गिरकी घेत होता, मारत होता. मधेच थांबून म्हणाला, "लागला," आणि दोन पावलं मागं सरला.

मी न राहवून विचारलं, "कुणाचा लागला?"

"महादूचा," ते म्हणाले. चोरी पकडली जावी तसे जरा ओशाळले, पण लगेच सावरून मला आत बोलावलं. महादू हा त्यांचा जोडीदार. लहानपणापासूनची जोडी. शिवजयंतीला म्हणा, लग्नाच्या वरातीत म्हणा, ही जोडी खेळली की लोक घरादाराला कडी लावून बघायला यायचे. तो महादू मुंबईला गिरणीत गेला आणि तिकडचाच झाला. पोरांना कुस्ती हवी, कारण कुस्तीत फेटा मिळतो आणि गावोगाव नाव होतं. फरी-गदगा शिकायला कुणी येईना. बायको मागंच गेलेली, एकुलती लेक सगुणा आंबेगावला दिलेली. शेत चुलतभाऊ करायचा आणि दाणे आणून टाकायचा. वस्ताद तालमीतल्याच खोलीत राहत, मारुतीपुढं दिवा लावत आणि मुंबईतल्या माणसाचे वार झेलत.

"शिकता का?" त्यांनी एकदम विचारलं. मी हसलो. मी गादीवर मांडी घालून गजानं कापड मोजणारा माणूस. ते हसले नाहीत. भिंतीवरचा गदगा काढून त्यांनी माझ्यापुढं धरला. त्याला चामडं मढवलेलं होतं. मी हात मागं घेतला आणि आमच्यात चामड्याला शिवत नाहीत असं काहीतरी पुटपुटलो. वस्तादांनी माझ्या पायांतल्या वहाणांकडं सावकाश बघितलं. "पायातलं चालतं व्हय?" असं म्हणून ते आत गेले, आणि मला वाटलं, चला, सुटलो. पण दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच निरोप आला की संध्याकाळी यावं. गेलो तर गदग्यावरचं चामडं उतरवून त्यांनी जुन्या धोतराच्या पट्ट्या गुंडाळल्या होत्या, आणि फरीही चामड्याची सोडून वेताची विणली होती. एवढं केल्यावर नाही कसं म्हणायचं? मी म्हटलं, चार दिवस करून बघू.

पहिल्या महिन्यात गदगा हातात येऊनही मारायला काही मिळालं नाही. पवित्र्यात उभं राहायचं, म्हणजे गुडघे मोडून, एक पाय पुढं, एक मागं, आणि तसंच मातीवरून पाय घासत सरकायचं. माझे गुडघे कुरकुरत. वस्ताद म्हणत, "शेठ, तुमची मांडी अजून दुकानातच हाय. तिला सांगा की आपुन हितं आलोय." मी काठीकडं बघत राहिलो की माझ्या कपाळावर अलगद टिचकी मारत. "काठीकडं काय बघता? काठी कुनाची हाय त्याच्याकडं बघा." आणि सुरू करण्याआधी नमस्कार. आधी मातीला, मग समोरच्याला. ज्याच्या अंगावर जायचं त्याची रजा घेतल्याशिवाय जायचं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. हे मला फार पटलं. कीडमुंगीला जपणाऱ्या घरातला मी, पण रजा घेऊन मारायचं म्हटल्यावर मनाची समजूत पडली.

पुढं फरीवर वार झेलायला शिकताना दंडावर निळे-काळे डाग उठले. वहिनींनी पहिल्यांदा हळद लावून दिली, दुसऱ्यांदा विचारलं की गिऱ्हाईकं उधारीवरून मारायला लागली की काय. बाजारात मला पैलवान शेठ म्हणायला लागले. म्हणोत बापडे. मला संध्याकाळची वाट बघायला लागणं ही गोष्टच इतकी नवी होती की कुणाच्या चेष्टेचं काही वाटेना.

पावसाळा सरला तशी वस्तादांनी मला समोरासमोर खेळायला घेतलं. पहिले कितीतरी दिवस मीच "लागला, लागला" म्हणत होतो. वैतागलो. एके दिवशी म्हटलंच, वस्ताद, हे काही माझ्यानं व्हायचं नाही, उद्यापासून येत नाही. त्यांनी नुसती फरी पुढं केली. त्याच खेळात माझा एक वार गेला आणि ते थांबले. "लागला," म्हणाले. माझा विश्वास बसेना. त्यांनी बरगडीवर हात ठेवून दाखवलं. त्या दिवशी मी घरी तरंगत गेलो. पुढं आठवड्यातून दोनतीनदा तरी त्यांचं "लागला" ऐकू यायला लागलं. दिवाळीपर्यंत मी निम्म्यानं त्यांच्या बरोबरीला आलो होतो, असं माझं मला वाटत होतं.

खेळ संपला की आम्ही पायरीवर बसायचो. बोलणं फार नसे. ते महादूच्या हातांबद्दल सांगत, मी कधीमधी बायकोबद्दल सांगे. घरात तिचं नाव काढलं की सगळे गप्प होत, वस्ताद मात्र पुढं काय झालं ते विचारत. ती चिंच चोरून खायची हे मी त्यांच्याशिवाय कुणालाच सांगितलेलं नाही. मग अंधार पडला की ते म्हणत, "आता जावा शेठ, घरची वाट बघत असतील." वाट बघणारं कुणी नाही हे दोघांनाही ठाऊक होतं.

होळीच्या सुमारास खेडचा एक गडी सासुरवाडीला जुन्नरात आला होता. फरी-गदग्यात त्याचं नाव होतं. पाडव्याला तालमीपुढच्या मोकळ्या जागेत खेळ ठेवायचा ठरलं आणि वस्तादांसमोर उभं राहायच्या आधी पाहुण्यानं वस्तादांच्या चेल्याशी खेळावं असं कुणीतरी काढलं. वस्ताद नको म्हणाले. दोनदा म्हणाले. मीच पुढं झालो. बाजार सगळा जमला होता, आमचे थोरले भाऊसुद्धा मागं उभे होते.

खेडच्या गड्यानं मला झोडपलं. मी दर वेळी इमानानं सांगत होतो, लागला. पण माझेही वार जात होते आणि तो मात्र गप्प. चांगला खांद्यावर गेलेला वार, तरी गप्प. बरगडीवर गेला, गप्प. माझं टाळकं सरकलं. मी गदगा खाली टाकला आणि चारचौघांत म्हटलं, पाहुणे, आमच्या तालमीत लागलेलं सांगतात, लपवत नाहीत. असल्या खेळात माणसाला खोटारडा म्हणणं म्हणजे थोबाडीत मारण्यापेक्षा वाईट. त्याचे मेहुणे पुढं सरसावले. पण तो गडी समंजस निघाला. त्यानं फरी काखेत मारली आणि म्हणाला की गेनबा वस्ताद सांगतील ते मला मान्य. सगळे वस्तादांकडं वळले. पंचक्रोशीत त्यांच्या 'लागला'वर कुणी कधी शंका घेतलेली नव्हती.

मला खात्री होती की ते माझ्या बाजूनं बोलणार.

"पावन्याला लागलेला न्हाई," ते म्हणाले. मग माझ्याकडं न बघता पुढं म्हणाले, "शेठचा हात मला बी कदी लागला न्हाई. मी खोटं बोलत व्हतो."

लोक हसले. आधी मला हसले, मग वस्तादांना. "वस्ताद, मारवाड्यानं किती दिलं?" असं कुणीतरी मागून विचारलं आणि पुन्हा हशा झाला. वस्तादांनी खाली पडलेला माझा गदगा उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि आत निघून गेले. खेडच्या गड्याशी ते खेळलेच नाहीत. मी भावांच्या मागोमाग घरी आलो. भाऊ वाटेत एवढंच म्हणाले की उद्यापासून संध्याकाळी दुकानात बसत जा.

बसलो. गिऱ्हाइकाशी गोड बोललो, गाठी मोजल्या, आणि मनातल्या मनात वस्तादांना शिव्या दिल्या. मला गंडवलं याचा राग होता, पण त्याहून जास्त राग याचा होता की आता संध्याकाळी जायला जागा राहिली नाही. पुन्हा नदीपर्यंत जाऊन यायला लागलो. तालीम टाळून लांबच्या वाटेनं जायचो.

वस्ताद बाजारात कधी फिरकत नसत. पण एका रविवारी, आठवड्याचा बाजार, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, आणि ते पायरीखाली येऊन उभे राहिले. वर या म्हटलं तर आले नाहीत. मी हातातलं कापड तसंच धरून उभा राहिलो. त्यांनी बायाबापड्यांसमोर, आमच्या भावांसमोर, डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं.

"शेठ, तुमी म्हनाला व्हता, उद्यापासनं येत न्हाई. म्हनून पयल्यांदा बोललो," ते म्हणाले. "मंग तुमी रोज याया लागला. खरं सांगितलं तर जाशीला, म्हनून बोलत ऱ्हायलो. सांज लई मोठी असती हो. दुसरं काय बी न्हाई."

राग तिथल्या तिथं गेला असं म्हणणार नाही, पण एवढ्या लोकांत ही गोष्ट तोंडातून काढायला माझी तर छाती झाली नसती. मी कापड भावांच्या हातात दिलं आणि विचारलं, "खरं खेळाल?" ते म्हणाले, खरं खेळीन. त्या संध्याकाळी मी तालमीत गेलो आणि भाऊ मला अडवायला उठले नाहीत.

त्यानंतर वस्तादांनी मला खरं शिकवलं. म्हणजे खरं मारलं. महिनेच्या महिने त्यांच्या तोंडून तो शब्द आला नाही. कधी म्हणत, "आज बोटभर ऱ्हायलं," आणि त्या बोटभरावर मी आठवडा काढी. त्यांच्या अंगाला माझा गदगा शेवटपर्यंत लागला नाही. पण पायरीवर बसल्यावर आता आम्ही दोघं जास्त बोलत होतो. आपण एकटे आहोत हे एकदा भर बाजारात बोलून झाल्यावर लपवायचं काय राहिलं होतं?

मग गावात उंदीर पडले. प्लेग आला म्हटल्यावर जुन्नर आठ-दहा दिवसांत रिकामं झालं. लोक बाहेर माळावर झोपड्या बांधून राहिले. आम्ही कापडाच्या गाठींसकट माळावर आलो. तालमीतली पोरं आपापल्या मळ्यांत पांगली. वस्तादांना मी आमच्या शेजारी झोपडी घालून देतो म्हटलं, पण मारुतीचा दिवा कोण लावणार म्हणून ते गावातच राहिले. संध्याकाळी मात्र दोन्ही गदगे खांद्यावर टाकून माळावर यायचे. झोपड्यांतली माणसं लांबून बघायची. रोज कुणाची तरी तिरडी जायची, एकमेकांकडं जाणं-येणं बंद झालेलं, आणि त्या उजाड माळावर आम्ही दोघे एकमेकांना नमस्कार करून खेळायचो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात बरं वर्ष कोणतं असं कुणी विचारलं तर मला लाज वाटेल, पण मी तेच सांगेन.

एका संध्याकाळी ते बाभळीपाशीच थांबले. रिकाम्या हातांनी आले होते. मी पुढं निघालो तर त्यांनी हात वर करून मला जागीच उभं केलं.

"फुडं येऊ नका, शेठ. आज खेळ न्हाई."

हात मुरगळलाय, असं म्हणाले. डावा हात अंगापासून जरा लांब धरला होता, तेव्हा मला ते पटलं. मग हसत हसत सांगितलं की उद्या पहाटे जावई गाडी घेऊन येतोय, आंबेगावला लेकीकडं चाललोय, दिवा लावायचं एकाला सांगितलंय. साथ सरली की येईन. मी म्हटलं, एवढ्या घाईनं? आणि चार पावलं पुढं टाकली. ते तेवढीच मागं सरले. मला वाईट वाटलं. उगाच लपवत नाही, चांगलंच वाईट वाटलं. लेकीचं बोलावणं आलं की वस्ताद एका दिवसात माझ्याकडून उठून चालले, असं मनात आलं. तरी पोचल्याचा निरोप धाडा म्हटलं.

"धाडतो की," ते म्हणाले. "पवित्रा सोडू नका. रोज उभं ऱ्हावा." आणि वळून गावाकडं गेले. चालताना एकदा थांबले, पण मागं बघितलं नाही.

निरोप काही आला नाही. त्या दिवसांत कुणाचा निरोप कुठं पोचत होता? मी रोज संध्याकाळी माळावर एकटा पवित्र्यात उभा राहायचो. पोरं लांबून हसायची. माझा रागही हळूहळू निवळला. म्हटलं, म्हातारपणी माणसाला आपलं माणूस मिळालं, चांगलंच झालं.

थंडी पडायला लागली तसा एक दिवस एक शेतकरी बैलगाडी घेऊन विचारत विचारत आमच्या झोपडीपाशी आला. गाडीत तांदळाचं पोतं होतं आणि बायकोनं बांधून दिलेल्या भाकऱ्या होत्या. तो वस्तादांचा जावई. राम राम झाल्यावर त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि विचारलं, "आबा कुटं गेल्यात?"

मी म्हटलं, "म्हणजे? ते तुमच्याकडं नाहीत?"

मग त्यानं सांगितलं ते असं. वस्तादांनी एका वाटसरूबरोबर आंबेगावला निरोप धाडला होता की मी माळावर शेठच्या झोपडीत आलोय, त्यांच्याजवळ झ्याक हाय, जोडी रोज खेळती, साथ हाय तोवर कुणी जुन्नराकडं येऊ नका.

आम्ही दोघं तसेच गावात गेलो. तालमीच्या दारावर म्युन्सिपालटीचा तांबडा शिक्का होता. घरं तपासत फिरणारा एक माणूस भेटला, त्यानं सांगितलं की आत एक म्हातारा होता, काखेत गाठ आलेली, दाराला आतून कडी. कोण, कुठला, हे सांगायला कुणी नव्हतं, म्हणून त्यांनीच नेऊन जाळला. दिवस विचारला तेव्हा कळलं की ते बाभळीपाशी उभे होते त्यानंतर तीन-चारच दिवसांनी त्यांना नेलं होतं.

जावई पायरीवर बसून रडला. मी त्याच्या शेजारी बसलो. ते तालमीत कडी लावून पडले होते तेव्हा मी माळावर उभा राहून मनात म्हणत होतो की आता वस्ताद लेकीच्या अंगणात नातवंडांत बसले असतील, आणि आंबेगावात त्यांची लेक भाकरी थापताना शेजारणीला सांगत होती की आबा रोज शेठबरोबर खेळतात. दोघांनाही बरं वाटत होतं.